भाचीच्या वाटेवरचं घर

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, अस्थिरोग वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला विचारला गेलेला प्रश्न असा होता: "ताई, पणजीच्या जवळपास चांगला वृद्धाश्रम कुठला? शुक्रवारी डिस्चार्ज देतो म्हणतात." त्या दिवशी मंगळवार होता. वैद्यकीय समाजसेवेत वीसेक वर्षं काढल्यावर हा प्रश्न अंगवळणी पडला आहे आणि उत्तरादाखल दोन-तीन नावं सांगून मोकळं होण्याची खोडही. या वेळी तसं झालं नाही, पण त्यात माझी हुशारी काही नाही. मी ज्यांची नावं सांगते त्या दोन्ही ठिकाणी खाट रिकामी नव्हती, एवढंच.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि घरांची नावं गाळली आहेत.

पडणं

या प्रकरणातल्या वृद्धेला आपण बाई म्हणू, कारण पणजीतला मळा नावाचा सगळा वाडा त्यांना तेच म्हणतो. वय ८१. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी फोंडा महालात, शेवटची पणजीत. मूलबाळ नाही. यजमान २०११ साली गेले. मळ्यातलं घर जुनं, कौलारू. निजायची खोली माडीवर, जिना लाकडी आणि उभा, संडास मागच्या दारी दोन पायऱ्या उतरून. पावसात सखल भागात पाणी चढायला लागलं की खालचं सामान माडीवर न्यायचं काम गेल्या वर्षीपर्यंत त्या स्वतःच करत.

२०२४ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. पुढच्या आठवड्यात एका रात्री अडीचच्या सुमारास बाई मागच्या पायरीवर पडल्या. हाका मारल्या, पण पाऊस होता. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकल्यावर त्यांनी पुन्हा ओरडून पाहिलं, त्याने सायकल टाकली, शेजारी उठले, १०८ आली. तोवर साडेतीन तास त्या ओल्या लादीवर होत्या. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. तिसऱ्या दिवशी अर्धा सांधा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

माणसं तीन, सगळी बहिणीची मुलं. मोठा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला, पैशाला मागेपुढे न पाहणारा. मधला पुण्यात. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आश्रमात ठेवलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, आणि ते तो पुण्यात बसून म्हणत होता. धाकटी भाची फोंड्याला राहते, पणजीत बँकेत आहे, रोज ये-जा करते. बाकावर बसून प्रश्न विचारणारी तीच.

डिमेन्शिया नव्हे, सोडियम

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री बाईंनी सलाईन उपटलं. भाचीला त्या आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. जन्मभर वर्गात पुस्तकी मराठी बोललेल्या बाईंच्या तोंडी फक्त कोंकणी, तीही परकऱ्या वयातली. "म्हाका घरा व्हर" (मला घरी ने), रात्रभर एवढंच. सकाळी गुंगी, दुपारी जरा ताळ्यावर, दिवेलागणीला पुन्हा तेच. व्हिडिओ कॉलवर हे पाहून मोठ्या भाच्याने निदान करून टाकलं: मावशीला डिमेन्शिया झालाय, तसल्या माणसांना ठेवतात तसलं घर शोधा.

इथे माझी चूक सांगते. मीही वाहवत गेले. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, 'स्मृतिभ्रंश, बंदिस्त जागा हवी.' बाईंशी मी एक शब्दही बोलले नव्हते. जे काही बोलणं झालं ते बाकावर, त्यांच्या नातेवाइकांशी.

दुसऱ्या दिवशी मेडिसिनच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. सोडियम १२१. साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. रक्तदाबासाठी बाई वर्षानुवर्षं घेत होत्या ती लघवी वाढवणारी गोळी, वर शस्त्रक्रियेचा ताण, वेदनाशामकं, झोपमोड, अनोळखी खोली. याला डॉक्टर भ्रम म्हणतात आणि कंबर मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत तो सर्रास दिसतो. डिमेन्शिया महिन्यावर्षांनी चढतो, भ्रम काही तासांत. डिमेन्शियाचा माणूस काल होता तसाच बहुधा आज असतो, भ्रमातला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच. शिवाय भ्रम बरा होतो, कधी चार दिवसांत, कधी काही आठवडे घेऊन. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के असावं असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे शंका येण्यात गैर काही नाही. पण आजाराच्या खाटेवरून डिमेन्शियाचं निदान करू नये, तीन महिने थांबून स्मृतीची चाचणी करावी.

गोळी बंद केली, सोडियम हळूहळू वर आणलं. नवव्या दिवशी बाईंनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवून सांगितलं, "शस्त्रक्रियेतला क्रि ऱ्हस्व. कुणी रंगवलाय हा?" भाची रडायला लागली. मी वहीतली नोंद खोडली.

डिस्चार्जची तारीख आम्ही विनंती करून चार दिवस पुढे ढकलून घेतली, आणि भाचीला मी सांगितलं की कायमचं काही ठरवू नका, एका महिन्यापुरती जागा शोधा. मग नेमकी गरज काय ते मोजलं. रोजच्या हालचाली मोजायला बार्थेल नावाची दहा बाबींची, १०० गुणांची एक मोजणी आहे: खाणं, आंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत येणं, चालणं, जिना वगैरे. बाईंना ४५ मिळाले. आकड्यापेक्षा गुण कुठे गेले ते महत्त्वाचं. जेवण, केस विंचरणं, शौचावरचा ताबा हे सगळं शाबूत. जिना शून्य, आंघोळ शून्य, उठायला आणि संडासपर्यंत जायला माणूस हवा. म्हणजे कुलूपबंद घराची गरज नव्हती. गरज होती ती रात्री अडीचला हाक मारल्यावर हात देणाऱ्या माणसाची आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीची.

घरीच सांभाळायला माणूस ठेवलं तर? हा पर्याय मी नेहमी आधी तपासते. गोव्यातल्याच दोन तालुक्यांत डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी येऊन मार्गदर्शन करत, तेवढ्यानेही सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार कमी झाला. पण तिथे घरात सांभाळणारं कुणीतरी होतं. मळ्याच्या घरात बाई एकट्या. एजन्सीने दिवस-रात्रीच्या दोन बायांचे रोजचे १,८०० सांगितले, म्हणजे महिना ५४ हजार, वर त्यांचं जेवण. आणि जिना व मागची पायरी जिथल्या तिथे.

तीन घरं, दोन वेळा

सरकारी बाजू लवकर संपली. प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेची आश्रयस्थानं आहेत, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं १९ वं कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या निवासाची गोष्ट करतं, पण ती निराधारांसाठी. पेन्शन असलेल्या बाईंनी ती जागा अडवावी असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसतं.

उरली तीन. पहिलं पर्वरीच्या बाजूचं, नवं, लिफ्ट असलेलं, प्रत्येक खोलीत कॅमेरा. तो कॅमेरा इंग्लंडमधून फोनवर पाहता येतो म्हणून मोठा भाचा त्यावर भाळलेला. दुसरं बार्देसमध्ये, ख्रिस्ती सिस्टरांनी चालवलेलं. मधल्या भाच्याने "आपल्या माणसाला तिथे?" असं म्हणून पाहिलं, पण मी पाहिलेल्या जागांत टाचा आणि पाठ इतकी निरोगी असलेली म्हातारी माणसं मला दुसरीकडे दिसली नाहीत. देव्हाऱ्यासाठी कपाटावर जागा देतो, असं सिस्टर आपणहून म्हणाल्या. अडलं एवढ्यावरच की ते फक्त चालत्या माणसाला घेतात आणि प्रतीक्षायादी लांब होती. तिसरं बाणस्तारीचा पूल ओलांडून माशेलच्या बाजूला, जुन्या घरात चालणारं, चौदा माणसांचं.

सकाळी अकराला कुठलंही घर चांगलंच दिसतं. फरशी पुसलेली, आज्यांच्या वेण्या घातलेल्या, चहा तयार. म्हणून मी भाचीला दोन फेऱ्या करायला लावते, दुसरी न सांगता, संध्याकाळी साडेसातला. या वेळी मीही बरोबर गेले.

पर्वरीच्या घरात साडेसातला काळोख होता. जेवणं सव्वासहाला उरकली होती. चौतीस माणसांवर रात्रीच्या दोन मुली, दोन मजल्यांवर. एका आजोबांचं मनगट मऊ कापडाने खाटेच्या कठड्याला बांधलेलं. हाक मारायची घंटा प्रत्येक खाटेला होती, पण तिची वायर गुंडाळून उशामागच्या खिळ्याला अडकवलेली, म्हणजे निजलेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशी. "रात्री लघवीला उठायचं असलं तर?" असं मी विचारलं. "डायपर असतोच ना," व्यवस्थापक म्हणाले. वाईट हेतूने नव्हे, अगदी अभिमानाने. ज्या माणसाचा ताबा शाबूत आहे त्याला सोयीसाठी डायपर बांधला की हळूहळू ताबाही जाऊ शकतो आणि चालणंही. कॅमेऱ्यात यातलं काय दिसणार? काळोख.

माशेलच्या घरात साडेसातला तुळशीपाशी दिवा होता, टीव्हीवर मालिका चालू होती आणि पंखा किती जोरात ठेवायचा यावरून दोन बायकांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मला ते घर तिथेच आवडलं. ज्या घरात म्हातारी माणसं भांडतात तिथे ती जागी असतात आणि आपलं कुणी ऐकेल असं त्यांना वाटत असतं. रात्री दोघीजणी, शिवाय तिथेच राहणारी एक निवृत्त परिचारिका. दोघींपैकी एक खांडोळ्याची, म्हणजे बाईंना पुन्हा कधी भ्रम झाला तर 'म्हाका घरा व्हर' कळणारं कुणीतरी रात्री होतं. हा मुद्दा लोक किरकोळ समजतात. गोव्यातल्या घरांत सेवा करणाऱ्या मुली आता झारखंड, ओडिशा, आसाममधून येतात, जीव लावून काम करतात, पण दुखतंय कुठे हे हिंदीत सांगता न येणारी म्हातारी त्यांच्या लेखी 'त्रास देणारी' ठरते.

दोषही होते. बाथरूमच्या दाराशी चार बोटं उंचीची उंबरी. मागच्या दोन खोल्यांना इन्व्हर्टर नाही. डॉक्टर फक्त मंगळवारी. रात्री काही झालं तर आधी फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथून बांबोळी. उंबरीवर लाकडी उतार आणि भिंतीला दोन पकडदांडे बसवून द्यायला मालकीण तयार झाल्या. खर्च भाचीने दिला.

कुठलं जवळ

मोठ्या भाच्याचा मुद्दा असा की पर्वरी मळ्यापासून अटल सेतूवरून पंधरा मिनिटं, माशेल कुठच्या कुठे. नकाशावर त्याचं खरं होतं. पण मळ्यात आता होतं कोण? कुलूप.

माझं मत मी त्या रात्री फोनवर जरा कडकच सांगितलं: घर पाहायचं ते आजारी माणसाच्या पत्त्यापासून जवळ नव्हे, भेटायला येणाऱ्याच्या वाटेवर. भेटणारी एकच आहे, ती रोज संध्याकाळी सहाला पणजीतून फोंड्याला निघते. पर्वरी म्हणजे उलट दिशेला पूल ओलांडा, मग परत फिरून त्याच गर्दीतून पणजी, जुनं गोवं, बाणस्तारी. पहिला महिना ती करील. दुसऱ्यात रविवारी जाईल. चौथ्यात "या रविवारी जमलं नाही." माशेल तिच्या वाटेवरून दहा मिनिटं आत आहे.

हे प्रेमापुरतं नाही. वृद्धांच्या निवासासाठी केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली खरी, पण ती आदर्श, म्हणजे राज्यांनी घ्यावीत अशी. दर आठवड्याला दार वाजवणारा निरीक्षक कुठल्याच घराला नाही. चष्मा दुसऱ्याच कुणाचा घातला आहे, श्रवणयंत्राचा सेल संपला आहे, टाच लाल झाली आहे, पोलकं सैल व्हायला लागलं आहे, हे पाहणारा सरकारी माणूस नसतो. बुधवारी सव्वासहाला अचानक उगवणारी भाची असते, आणि ती कधीही उगवते हे रात्रीच्या मुलींना ठाऊक असणं हीच तपासणी. इंग्लंडच्या भाच्याला हे पटलं की तो थकला, ठाऊक नाही. पण "ठीक आहे, फरक मी भरतो," एवढं म्हणाला.

हिशेब

बाईंची पेन्शन हातात चाळीस हजारांच्या आसपास. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनीत २० टक्के वाढ मिळते, ती त्यांना लागू झाल्याचं पासबुकात तपासलं, कारण ती राहून गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. बँकेत ठेव नऊ लाख.

पर्वरीचे ३८ हजार, अनामत तीन लाख, आणि तिच्यातून दर वर्षी दहा टक्के कापणार. जीएसटी धरून की वगळून, या प्रश्नावर तिथे गडबड उडाली. धर्मादाय म्हणून आयकर खात्यात नोंदलेल्या संस्थेचं वृद्धाश्रमाचं शुल्क, राहणं-जेवण-देखभाल मिळून महिना २५ हजारांपर्यंत असेल, तर जीएसटी माफ आहे. इतरांना ही माफी सरसकट मिळत नाही. तेव्हा सांगितलेल्या आकड्यात कर आला की नाही हे लेखी विचारावं.

माशेलचे २६ हजार, अनामत दोन महिन्यांची. पण २६ हा दारावरचा आकडा. फिजिओथेरपीच्या बारा भेटी प्रत्येकी ४००, म्हणजे ४,८००. औषधं आणि डॉक्टर साडेतीन हजार. खरा आकडा ३४,३००. पेन्शनीत बसतो, ठेवीला हात लागत नाही. डायपर लागले तर आणखी वाढेल, हे तेव्हाच लिहून ठेवलं.

पुण्याच्या भाच्याने सुचवलं, मळ्याचं घर विकून टाकू. गोव्यात हे वाटतं तेवढं सोपं नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथे नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, त्यामुळे अर्धं घर बाईंचं स्वतःचं. उरलेलं अर्धं यजमानांच्या वारसांत, आणि मूल व मृत्युपत्र नसलं की तिथे यजमानांची भावंडं आणि त्यांची मुलं येतात. यजमान जाऊन तेरा वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि त्यांचे वाटे ठरवणारी कोर्टाची प्रक्रिया, कुणी केली नव्हती. दीर-नणंदांची मुलं मिळून अकरा सह्या, त्यातल्या तीन परदेशात. घर विकून आश्रमाचा खर्च काढू, हे गणित गोंयकाराने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावं. आणि मी त्याच फोनवर हेही हलकेच सांगितलं की २००७ च्या कायद्याप्रमाणे मूल नसलेल्या ज्येष्ठाची जबाबदारी त्याची मालमत्ता ज्यांच्याकडे जाणार आहे अशा नातेवाइकांवर येते. त्यानंतर घर विकायचा विषय निघाला नाही.

बाईंच्या अटी

हे सगळं होईपर्यंत बाईंना कुणी विचारलं नव्हतं. बाराव्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि तिन्ही घरं जशी पाहिली तशी सांगितली, बांधलेल्या मनगटासकट. त्यांनी वर्गात उत्तर ऐकावं तसं ऐकून घेतलं.

"तिसरं माशेलला? म्हातारपणी आजोळी?" त्या हसल्या. माशेल त्यांचं आजोळ, हे तोवर आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. भाचीलासुद्धा नाही.

मग त्यांनी अटी सांगितल्या. सोमवार शिवराक (शाकाहारी), बाकी दिवस नुस्तें (मासे) हवं, आणि काट्याचं भय दाखवून चिकन वाढायचं नाही. मराठी वर्तमानपत्र आठच्या आत, आधी कुणी कोडं सोडवलेलं नको. आणि मला कुणी अम्मा, माताजी, आजी म्हणायचं नाही. बाई म्हणायचं. घरी परत जायचं की नाही ते तीन महिन्यांनी मी ठरवीन, तुम्ही नव्हे. "आणि तू दमतेस तेव्हा येऊ नकोस, बाय," असं भाचीला म्हणाल्या. ही अट तिने मोडली.

करारातल्या ओळी

छापील करार चार पानी होता. आम्ही त्यात पाच ओळी हाताने लिहून घेतल्या. महिनाभर चाचणी, न जमल्यास अनामत पंधरा दिवसांत परत. वर्षाची वाढ जास्तीत जास्त आठ टक्के ('व्यवस्थापन ठरवील तेवढी' हे छापलेले शब्द खोडून). ताबा आहे तोवर डायपर नाही. बांधणं नाही, कुठल्याही कारणाने. पाचवीवर सगळ्यांत जास्त वेळ गेला: रुग्णालयात न्यायची वेळ आली तर पहिले चार तास घरातलं माणूस बरोबर थांबेल. वॉर्डात रुग्णाजवळ कुणीतरी लागतंच, आणि मध्यरात्री फोंड्याहून बांबोळीला पोचेपर्यंत भाचीला वेळ हवा. पुष्कळ घरं रुग्णवाहिकेत बसवून देतात आणि तिथे आपली जबाबदारी संपली म्हणतात.

कुलमुखत्यारपत्रावर मोठ्या भाच्याचा फार भरवसा होता. ते रोजच्या कामांना उपयोगी, पण माणसाची बुद्धीच गेली तर १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे ते संपतं. ज्या दिवसाची भीती धरून ते करतात, त्याच दिवशी ते उपयोगाचं राहत नाही. त्यापेक्षा ठेवीवर भाचीचं नाव जोडणं आणि औषधोपचारांबद्दलची इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवणं बरं. दुसऱ्या गोष्टीत गोवा पुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली वैद्यकीय पूर्वसूचना प्रत्यक्षात आणणारं पहिलं राज्य गोवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःची सूचना नोंदवून त्याची सुरुवात केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, एवढं पुरतं. बाईंनी जानेवारीत आपली लिहिली, मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या सहा चुका सुधारून.

चाचणीचा महिना

पहिले दहा दिवस बरे गेले. दिवाळीच्या आठवड्यात रात्रीची एक मुलगी गावी गेली आणि बदली आली नाही. त्याच गुरुवारी भाची साडेसहाला टेकली, तर बाई मान वळवून बसलेल्या. बोलेनात. चादर सारल्यावर कळलं, डायपर. भाचीने आवाज चढवला नाही, करार काढला आणि तिसरी ओळ दाखवली. मालकीणबाई ओशाळल्या. तोडगा परिचारिकेने काढला: हाक येण्याची वाट पाहायची नाही, रात्री दहा, अडीच आणि पाच या ठरल्या वेळी बाईंना आपणहून उठवून न्यायचं. आठवड्यात बाईंची भीती गेली, आणि मग हीच वेळापत्रकाची रीत त्या घराने आणखी चौघांना लावली.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बोटांचे ठसे उमटेनात, पुष्कळ म्हाताऱ्यांचे उमटत नाहीत. फोनवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, तो भाचीने तिथेच, तुळशीसमोरच्या उजेडात काढला. घरातल्या आणखी तीन पेन्शनरांचेही त्याच दुपारी झाले.

मासे मात्र चौथ्या आठवड्यापर्यंत आले नाहीत. स्वयंपाकघर काट्यांना घाबरत होतं. शेवटी बाईंनी ताटात स्वतः बांगडा सोलून दाखवला.

पुढे

तीन महिन्यांनी बार्थेल ७०. स्मृतीच्या चाचणीत वयाला साजेशी विसरभोळी, त्यापलीकडे काही नाही. बाईंना वॉकरसकट मळ्याच्या घरी नेलं. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या, वर पाहिलं, कठड्याला हात लावला. मागच्या पायरीकडे गेल्याच नाहीत. शब्दकोश, डबा आणि यजमानांचा फोटो घेऊन संध्याकाळच्या आत माशेलला परत. निर्णय सांगितला तो असा: इन्व्हेंटरी होईपर्यंत इथेच, मग बघू. वकील म्हणतात, दोन वर्षं तरी.

जुलै २०२५ मध्ये आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला तेव्हा बाईंनी जायचा हट्ट धरला. चिखलात खुर्ची जाणार नाही म्हणून नेलं नाही. स्वयंपाकघरातल्या बाईचा मुलगा खेळून आला तो डोक्यापासून पायापर्यंत माखलेला, त्याला त्यांनी अंगणात उभा करून सगळं वर्णन करायला लावलं, पूर्ण वाक्यांत.

त्याच महिन्यात भाचीची बदली काणकोणला झाली. आता फोंड्याहून ती रोज उलट्या दिशेला जाते, माशेल वाटेवर राहिलं नाही. बँकेला सुट्टी असते त्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती येते. मधल्या बुधवारांसाठी तिने माशेलच्याच एका भजनी मंडळातल्या, नात्याने दूरच्या मामेबहिणीला गाठलं आहे. मामेबहीण येते, बाईंशी तासभर जुन्या गोष्टी बोलते, पण चादर सारून पाहत नाही. तिला ते बरं दिसत नाही. गेल्या आठवड्यात मी तिला फोन करून टाचा कशा तपासायच्या ते समजावलं.